स्टिरिओची वायर आपणच जोडूया!

मिक्सर, कुकर, गॅसचा रेग्युलेटर, वॉशिंग मशिन... घरातली सगळी यंत्रं आपण बायका बिनधास्त हाताळतो. पण दिवाणखान्यातल्या स्टिरिओचा विषय निघाला की, 'हे आल्यावर लावतील' किंवा 'मुलगा सुट्टीत आला की बघू!' का बरं? ज्याच्या हाती बटण, त्याच्याच आवडीचं गाणं घरात वाजतं, हे आपण लक्षातच घेत नाही. आपलं गाणं मग ओट्यावरच्या मोबाइलच्या चिरक्या आवाजात, कुकरच्या शिट्टीशी भांडत राहतं.

आता खिशात मावणारे हाय-रिझोल्युशन म्युझिक प्लेअर मिळतात. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, हे प्लेअर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आणि त्याहून वरचंही वाजवतात. पण इअरफोन लावला की ऐकणारा एकटाच! आणि चांगले स्पीकर असलेला स्टिरिओ भरतकामाच्या कव्हराखाली गप्प. या दोघांना जोडायला लागते फक्त एक साधी वायर.

तिच्या एका टोकाला इअरफोनसारखी ३.५ मिलीमीटरची पिन असते, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन. लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. आधी स्टिरिओ बंद करायचा. मग त्याच्या मागच्या बाजूला 'ऑक्स' किंवा 'लाइन इन' लिहिलेल्या भोकांत या दोन पिना बसवायच्या. 'फोनो' लिहिलेल्या ठिकाणी मात्र नाही हं! ती जागा रेकॉर्ड प्लेअरची. त्याचा क्षीण आवाज तिथे कितीतरी पटींनी वाढवला जातो, त्यामुळे आपला प्लेअर तिथे लावला तर आवाज फाटतो. प्लेअरला 'लाइन आउट' असेल तर तेच वापरा. स्टिरिओचा आवाज अगदी कमी ठेवून सुरू करा, मग हळूहळू वाढवा. झालं!

दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर गळ्यात मारू पाहील. तिची गरज नाही. साधी, घट्ट बसणारी वायर पुरते. 'ब्लूटूथ असताना वायर कशाला?' असंही कुणी विचारेल. ब्लूटूथ सोयीचं खरं, पण त्यात आवाज सहसा दाबून, आकसून पाठवला जातो. मग हाय-रिझोल्युशनचे पैसे कशाला मोजायचे? आणि मुळातच खराब उतरवलेलं गाणं कितीही भारी प्लेअरवर घातलं तरी सुधारत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आमच्या बचत गटातल्या एक काकू यजमान गेल्यापासून स्टिरिओला हातच लावत नव्हत्या. त्यांना गाण्याची आवड नव्हती असं नाही, लावायचं कसं तेच कधी कुणी दाखवलं नव्हतं. भाचीने एकदा वायर दाखवली, दुसऱ्यांदा काकूंनी स्वतः जोडली. आता संध्याकाळी शेजारणी जमतात. किशोरीताईंच्या सुरामागचा तानपुरा इतका स्पष्ट ऐकू येतो, की बोलणाऱ्यासुद्धा गप्प होतात.

मैत्रिणींनो, हा काही इंजिनिअरिंगचा पेपर नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा नळ बदलण्यापेक्षा हे काम सोपं आहे, आणि बिनधोकही. घरातल्या मुलीलाही दाखवून ठेवा, म्हणजे 'ते पुरुषांचं काम' हे वाक्य तिच्या तोंडी यायचं नाही.