दाताच्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायला हवा

सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर दवाखान्यात येते. थंड पाणी लागलं की दात शिवशिवतात, एवढीच तक्रार. डॉक्टर बघतात. कीड नाही, पण वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजून गुळगुळीत झालेली. "चिंच, लिंबू फार खाते का?" आई म्हणते, "हो ना, पोरींना चटकच असते." औषध लावलं जातं, विषय संपतो.

पण चिंच-लिंबाची झीज बहुधा दातांच्या दर्शनी बाजूला दिसते. टाळूकडून झीज झाली, तर पोटातलं आम्ल पुन्हापुन्हा तोंडात येत असण्याची शक्यता असते. ते साध्या अ‍ॅसिडिटीनंही होतं, हे खरं. पण भरपूर खाऊन मग मुद्दाम उलटी काढणं, हेही एक कारण आहे. या आजाराला 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञानं 1979 मध्ये दिलं. बोटांच्या सांध्यांवरचे व्रण, कानाखाली सुजलेल्या लाळग्रंथी याही त्याच्या खुणा. वजन अनेकदा नेहमीसारखंच असतं, म्हणून घरात कुणाला संशयच येत नाही.

पाचोऱ्यात मानसोपचाराच्या दवाखान्यासमोर मुलगी दिसली तर उद्या मोहल्ल्यात चर्चा, परवा स्थळ परत. दाताच्या डॉक्टरकडे जायला मात्र कुणाची लाज नाही. म्हणून मला वाटतं, हा आजार पहिल्यांदा दिसण्याची जागा तीच खुर्ची आहे.

रमजानमध्ये तर तो आणखी झाकला जातो. न खाणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. इफ्तारनंतर ती मोरीत किती वेळ असते, हे कोण बघतं? आजाऱ्याला रोजातून सवलत आहे हे आपण जाणतो, पण हा आजार आहे हेच मानलं नाही तर सवलत कुणाला द्यायची?

डॉक्टर म्हणतील, असं विचारलं तर पेशंट तुटेल. 'तू उलट्या काढतेस का' असं आईसमोर विचारलं तर तुटेलच. आईला दोन मिनिटं बाहेर बसवून, "दातांवर आम्लाच्या खुणा दिसतात, उलट्यांचा त्रास होतो का?" एवढं विचारता येतं. ती नाही म्हणाली तरी सांगून ठेवावं: उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, चिमूटभर खायचा सोडा टाकलेल्या पाण्यानं चूळ भर. हो म्हणाली, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेनं तासाभरावर आहे.