आमच्या पोरीला राजकन्या करू नका

गेल्या २५ डिसेंबरला देहूरोडला गेले होते. दरवर्षी जाते. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली, आणि त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, १९२७ साली, याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली. वंदना झाली, पोरीला भजी घेऊन दिली आणि पुस्तकांच्या स्टॉलवर आले. स्टॉलवाल्या भाऊंना विचारलं, "प्रेमाची कादंबरी आहे का हो एखादी?" भाऊंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी विहारात तंबाखू मागितली. म्हणाले, "ताई, इथं परिवर्तनाची पुस्तकं मिळतात."

बरं भाऊ. प्रेमाची पुस्तकं मिळतात तिथं परिवर्तन नाही, आणि परिवर्तनाची मिळतात तिथं प्रेम नाही. मग माझ्यासारखीनं वाचायचं काय? माझं भांडण दोन्हीकडच्यांशी आहे. आधी तिकडच्यांशी भांडते, मग घरच्यांशी.

मी चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. बोर्डवर वायरी पसरायच्या, कनेक्टरात पिना बसवायच्या, टेप गुंडाळायची. आठ तास उभ्यानं. सकाळी भोसरीतून बस. मोशीच्या पुढं ती अडकली की अडकली, नाशिक रोडचं ट्रॅफिक सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तासाभरात बसमधल्या निम्म्या बाया मोबाईलवर कादंबऱ्या वाचतात. प्रतिलिपीसारखी ॲपं आहेत, गोष्ट भागाभागानं येते, आज अर्धी, उद्या अर्धी. मीपण वाचते. लाजत नाही. मराठी वाचक मेला म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा आमच्या बसमध्ये येऊन बसावं.

आता या कादंबऱ्यांत काय असतं? मी वाचल्या त्यांतलं सांगते. नायक कंपनीचा मालक. वय अठ्ठावीस. रागीट, पण आईपुढं गरीब गाय. नायिका गरीब. गरीब म्हंजे किती? दारात तुळशीवृंदावन आहे, आजी वरणभातावर तूप वाढते आणि दोन महिन्यांचं भाडं थकलंय. असली गरिबी आम्हाला मिळाली तर आम्ही पेढे वाटू. फडक्यांच्या काळात नायक टेनिस खेळायचा, आता लांब काळ्या गाडीतून उतरतो. त्या गाडीच्या पोटातली वायर ज्या पोरींनी गुंडाळली त्यांतली एकही त्या गाडीत बसत नाही. गोष्टीतसुद्धा बसत नाही. मग होतं 'कॉन्ट्रॅक्ट मॅरेज'. सहा महिन्यांचं खोटं लग्न, पुढं त्याचं खरं प्रेम. आम्ही बसमध्ये हसतो. आमच्याकडं कॉन्ट्रॅक्ट म्हंजे सात महिने भरले की ब्रेक, आणि नशीब असलं तर पुन्हा नवीन गेटपास.

आणि आडनावं? नायक इनामदार, सरदेशमुख. नायिका कुलकर्णी, देशपांडे, फार तर पाटील. जातीचा शब्द कुठंच नाही. लेखिका म्हणेल, "बाई, मी जात मानतच नाही." मानत नाहीस, मग तुझ्या गोष्टीतली सगळी माणसं एकाच आळीतली कशी?

एकदा शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीला म्हटलं, "यातली हिरोईन कांबळे असती तर?" मैत्रीण वाईट नाही. माझ्या डब्यातलं ती खाते, तिच्या डब्यातलं मी. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "कांबळे नाव आलं ना, की मला ती स्टोरीच वाटणार नाही गं. बातमी वाटेल."

मी गप्प बसले. कारण तिचं खरं होतं. जून २०२० मध्ये आमच्याच पिंपळे सौदागरला वीस वर्षांच्या बौद्ध पोरावर हल्ला झाला आणि तो गेला. कारण प्रेम. पोरगी दुसऱ्या जातीची. गुन्हा तिच्या घरच्यांवर नोंदला गेला. त्याआधी २०१४ ला खर्ड्यात शाळेत जाणारं आमचं पोरगं मारलं, वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो या संशयावरून. २०१७ ला सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. आमचं प्रेम पेपरात येतं, कादंबरीत येत नाही. आणि पेपरात येतं ते मेल्यावरच येतं.

माझी पोरगी बारावीला आहे. तीपण हेच वाचते. वाचताना प्रत्येक पोरगी नायिकेच्या जागी स्वतःला ठेवते, त्यात काही पाप नाही. पण माझ्या पोरीला त्या जागेवर बसायच्या आधी आडनाव काढून बाहेर ठेवावं लागतं. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. त्यांच्या माणसानं पोटासाठी, खोलीसाठी चोरली. माझी पोरगी करमणुकीसाठी रोज चोरते, आणि आपण काय चोरतोय हे तिला कळतही नाही.

आता दुसरा माल. देवादिकांच्या अद्भुत कादंबऱ्या. आमच्या लाईनवर एक अप्रेंटिस पोरगा आहे, आपल्यातलाच, हुशार. त्यानं मला अमीश त्रिपाठींचं 'मेलुहा' दिलं. मूळ इंग्रजी २०१० चं, मराठीत भाषांतर मिळतं. "ताई, यात अस्पृश्यता संपवलीय," म्हणाला. मी तीन रात्री जागून वाचलं. गोष्ट पळते, खोटं कशाला बोलू. पण काय संपवलंय ते बघा.

मेलुहा हे आदर्श राज्य. मनू तिथं पूज्य पूर्वज. मनुस्मृती जाळल्याच्या दिवशी आम्ही देहूरोडला जायचं आणि घरी येऊन मनूला हप्त्याहप्त्यानं वाचायचं! या राज्यात सगळी मुलं जन्मताच आईपासून काढून एकत्र वाढवतात, पुढं परीक्षा घेतात, आणि परीक्षेवर ठरतं कोण ब्राह्मण, कोण क्षत्रिय, कोण वैश्य, कोण शूद्र. म्हंजे जात ठेवायची, नुसता पेपर घ्यायचा. आमचा अप्रेंटिस म्हणाला, "मेरिट आहे ना ताई." अरे बाबा, हे मेरिटवालं चातुर्वर्ण्य आर्यसमाजी लोक कधीचं सांगत होते, आणि १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी त्याची चिरफाड करून ठेवली आहे. गुणावर ठरवायचं असेल तर ब्राह्मण-शूद्र ही जुनी नावं कशाला हवीत, हा त्यांचा सवाल होता. त्या सवालाचं उत्तर न देता तोच माल नव्या कव्हरात विकायला आलाय, आणि आपलीच पोरं विकत घेतायत.

त्या राज्यात 'विकर्मा' नावाची माणसं आहेत. मागच्या जन्मीच्या पापानं या जन्मी दुर्दैव आलेली. त्यांना शिवायचं नाही, शिवलं तर शुद्धी. नायक शिव एका विकर्मा बाईच्या प्रेमात पडतो, कायदा उलथवतो, लग्न करतो. वाचून आमच्या पोराचे डोळे भरून आले. माझेपण आले असते. पण ही विकर्मा सती कोण? सम्राटाची मुलगी! राजवाड्यात राहते, तलवार चालवते. तिला गावाबाहेर हाकललेलं नाही, मेलेलं ढोर ओढायला लावलेलं नाही, पाण्यासाठी ती दुसऱ्याच्या ओंजळीकडं बघत उभी नाही. अस्पृश्यता म्हंजे एका राजकन्येचं वाईट नशीब. नशीबच असेल तर नायकाच्या एका हुकमानं ते फिरतं. राबणारं कोण, फुकट राबवून घेणारं कोण, हा हिशोब निघतच नाही.

पुढच्या भागात नाग येतात. १९५६ ला धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला. ते आमचे पूर्वज. कादंबरीत नाग म्हंजे जन्मतःच व्यंग घेऊन आलेली, पापी ठरवून नर्मदेच्या दक्षिणेला हाकललेली माणसं. त्यांची राजधानी पंचवटी. १९३० ला काळारामाच्या दारात आमची माणसं सत्याग्रहाला उभी राहिली, ती पंचवटी! लेखक शेवटी सांगतो की नाग वाईट नव्हते. मान्य. पण नागांची राणी निघते कोण? त्याच सम्राटाची दुसरी मुलगी, सतीची जुळी बहीण. नागांचा पुढारी? सतीचाच मुलगा. पिढ्यानपिढ्या हाकललेल्या माणसांतून स्वतःचा एक पुढारी उभा राहू शकला नाही. त्यासाठीही राजवाड्याचंच रक्त लागलं.

ही खोड नव्यांचीच नाही. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, खांडेकरांना पुढं १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला. त्यातली शर्मिष्ठा दासी आहे, पण मूळची राजकन्या. शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' १९६७ चा. त्यातला कर्ण सूतपुत्र, पण मूळचा सूर्यपुत्र. मेलुहाची सती विकर्मा, पण मूळची सम्राटकन्या. हा 'पण' ओळखा. वाचक खालच्यासाठी रडतो खरा, पण त्याला आतून ठाऊक असतं की हा खरा खालचा नाहीच. चुकून खाली आलेला वरचाच आहे. अन्याय वाटतो तो एवढाच, की याला ओळखलं कसं नाही! 'मृत्युंजय' वाचून मीपण रडले आहे, गुपचूप नाही, चारचौघांत. पण नंतर मनात आलं, कर्ण खरंच अधिरथ आणि राधेच्याच पोटचा असता, तर त्याच्यावर एवढी जाड कादंबरी झाली असती का? कुणी म्हणेल, महाभारतातच तसं आहे, लेखक काय करणार. हजार गोष्टींतून हीच गोष्ट पुन्हापुन्हा उचलायला लेखकाला महाभारतानं सांगितलेलं नाही.

आमच्या पोरीनं हॅरी पॉटर मराठीत वाचलं. त्यातही रक्त शुद्ध-अशुद्ध आहे. पण तिथं रक्ताची घमेंड खलनायकाच्या गोटात आहे. परक्या मुलखातल्या बाईला जे कळलं ते इथल्या देवभक्त लेखकांना कळू नये?

आता घरच्यांकडं वळते. दापोडीच्या एका बैठकीत हे सगळं मी बोलले. एक कविमित्र म्हणाले, "ताई, प्रेम ही पोट भरलेल्यांची चैन. आपलं साहित्य वेदनेचं, विद्रोहाचं." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

अण्णाभाऊंचं पोट भरलेलं होतं का? त्यांनी 'फकिरा' लिहून बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण 'वैजयंता' त्यांचीच, 'चित्रा' त्यांचीच. 'आवडी' वाचा. खालच्या मानलेल्या जातीतल्या माणसावर जीव लावला म्हणून सख्खा भाऊ बहिणीला मारतो. पिंपळे सौदागर घडायच्या कितीतरी वर्षं आधी अण्णाभाऊंनी लिहून ठेवलंय. आणि ज्या १९३६ च्या पुस्तकाचा आपण उठताबसता दाखला देतो, त्यात बाबासाहेब जात मोडायला खरा उपाय कुठला सांगतात? मिश्रविवाह. त्यासाठी आधी शास्त्रांचा धाक मनातून काढायचा, हेही सांगतात. मग दोन जातींची पोरं एकमेकांकडं बघून का हसली, कशी घाबरली, कुठं भेटली, हे लिहिणं चैन कसं? हाच तर जातीचा प्रश्न, अगदी मुळाशी. तो आपण इनामदार-सरदेशमुखांच्या हवाली करून टाकला आणि आपल्याकडं नुसतं मरण ठेवलं. 'सैराट' २०१६ चा. आपल्याच माणसानं काढला, अभिमान आहे. पण तो बघून माझी पोरगी आठवडाभर झोपली नाही. आमच्या प्रेमाला दोनच शेवट उरलेत. एक तर रक्त, नाहीतर राजघराणं.

मला तिसरा पाहिजे. कुणीतरी लिहा. ती कांबळे, हार्नेसच्या लाईनवर. तो दुसऱ्या जातीचा, सीएनसीवर. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, भेटायचं तर बदलीच्या पंधरा मिनिटांत, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. मेदनकरवाडीला खोली बघायला जातात, मालक भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. ती नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लागते, येणारा-जाणारा कोणीही वाचू शकतो. ते तीस दिवस लिहा! यापेक्षा जास्त थरार कुठल्या राक्षसाच्या गुहेत आहे? अद्भुतच पाहिजे तर तेही घाला. नागांची राणी आणा, पण ती नागाच्याच पोटची असू द्या.

माझ्या अटी दोनच. शेवटच्या पानावर दोघं जिवंत पाहिजेत. आणि ती शेवटपर्यंत कांबळेच राहिली पाहिजे. शेवटी कुणाची हरवलेली राजकन्या निघाली, तर मी पुस्तक फाडून बसच्या खिडकीतून फेकीन.

येत्या २५ डिसेंबरला मी पुन्हा त्याच स्टॉलवर येणार आहे भाऊ, पोरीला घेऊन. पुन्हा तेच विचारणार आहे.

जयभीम.