केवळ भगवा लावून गुराब होत नाही

शिवजयंतीचा चित्ररथ असो वा गणेशोत्सवातील देखावा, करी रोड-लालबाग परिसरातील कार्यकर्त्यांना मराठी आरमार हा विषय नेहमीच जवळचा वाटत आला आहे. त्यात नवल ते काय? येथील चाळी ज्या कुटुंबांनी भरल्या, त्यांतील कितीतरी जणांची मुळे रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या किनारपट्टीत आहेत. एकेकाळी तिकडचा माणूस आगबोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरे, नात्यातल्या कुणाच्या खोलीवर वळकटी टाकी आणि गिरणीच्या दारात उभा राही. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातील नावे नव्हती. गावाकडे जाताना दिसणारे तट होते ते. १९३४ साली स्थापन झालेल्या लालबागच्या राजाची सुरुवातीची मूर्ती दर्यासारंगाच्या पेहरावात घडविली गेली, यातही त्याच समुद्राची ओळख होती.

म्हणूनच या परिसरात लाकडाचे, थर्माकोलचे वा पुठ्ठ्याचे लढाऊ जहाज हौसेने घडविले जाते, काचेच्या पेटीत ठेवून दिवाणखान्यात मिरविले जाते, शाळेच्या प्रदर्शनात मांडले जाते. त्यामागची श्रद्धा निर्विवाद आहे. पण त्या श्रद्धेला शोभेल असा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या जहाजावर आपण भगवा फडकवतो, ते जहाज मराठ्यांचे असते काय?

बहुतेक वेळा नसते. उंच, बहुमजली पिछाडी. कुशीवर एकावर एक दोन-तीन रांगांत तोफांची भोके. तीन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडांचे थर. गोल, फुगीर नाळ. हे रूप स्पेन, इंग्लंड वा हॉलंडच्या युद्धनौकेचे आहे. परदेशी चित्रपटांतून आणि तयार संचांच्या खोक्यांवरून ते आपल्या डोळ्यांत इतके ठसले आहे की 'जुने लढाऊ जहाज' म्हटले की हात आपोआप तेच घडवू लागतात. शेवटी डोलकाठीवर भगवा चढतो आणि खाली पाटी लागते, 'मराठा आरमार'. ज्यांच्याशी मराठे लढले त्यांचेच जहाज आपण मराठ्यांचे म्हणून पूजतो!

मग मराठ्यांची गुराब दिसे तरी कशी? याचे सविस्तर वर्णन शत्रुपक्षाने करून ठेवले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचा ग्रंथ १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत; तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची सुमारे १५० टनांची. ती उथळ पाण्यात चाले. लांबीच्या मानाने ती रुंद असे, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाई आणि पुढे गोल नाळेऐवजी चोचीसारखा लांब भाग निघालेला असे. या चोचीला कठडे नसत. त्यामुळे समोरून आदळलेली लाट वरून निघून जाई. चोचीच्या मागे आडवी भिंत, आणि त्या भिंतीतील भोकांतून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. बाकीच्या लहान तोफा दोन्ही कुशींना. गुराबेची सोबतीण म्हणजे गलबत. ते क्वचितच ७० टनांहून मोठे असे. त्यावर एक भलेमोठे त्रिकोणी शीड असे आणि ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गलबते वल्ह्यांच्या बळावर पुढे सरकत.

हे रूप अपघाताने आलेले नव्हते. त्यामागे विचार होता आणि तो आपल्याच भाषेत लिहिलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. त्यात आरमाराला राज्याच्या एका स्वतंत्र अंगाची प्रतिष्ठा दिलेली आहे. आरमाराच्या प्रकरणात अमात्य बजावतात की गुराबा फार थोर करू नयेत, फार लहानही नकोत, मध्यम आकाराच्या असाव्यात. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी मोठाली जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. मोठी जहाजे मराठ्यांना ठाऊक नव्हती असे नव्हे. युरोपीय कारागिरी जवळून पाहण्याचीही संधी त्यांना मिळाली होती. १६५९ च्या सुमारास कल्याणच्या बाजूस महाराजांची तारवे बांधण्याच्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज होता. पाहून, पारखून आणि तोलून त्यांनी आपल्या खाड्यांना, आपल्या वाऱ्याला आणि आपल्या खजिन्याला मानवेल असे जहाज निवडले.

या निवडीची परीक्षा मुंबईच्या दारातच झाली. १६७९ साली महाराजांनी खांदेरी बेटावर तट उभारण्यास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांनी ते रोखण्यासाठी जहाजे धाडली. समोरच्या थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या रात्री सामान घेऊन निघत, उथळ पाण्यातून बेट गाठत आणि इंग्रजांची खोल बुडाची जहाजे पाहत राहत. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने मात्र तोफांच्या माऱ्याने मराठी तारवांना मागे रेटले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उघड्या समुद्रातील तोफांच्या झुंजीत मोठे जहाज भारी पडे, हे दौलतखान आणि मायनाक भंडारी या सरदारांना कळत नव्हते काय? कळत होते. त्यांना बेट राखायचे होते आणि ते त्यांनी राखले. तट उभा राहिला. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ मराठा दुर्गांत आज खांदेरीचे नाव आहे.

आता विचार करा. ज्या मुलासमोर आपण तीन मजली तोफांचे जहाज 'मराठ्यांचे' म्हणून ठेवतो, त्याला हा इतिहास कसा कळणार? त्याची समजूत अशी होणार की मराठ्यांनीही युरोपीयांसारखीच जहाजे बांधली, फक्त थोडी उशिरा आणि थोडी कमी. म्हणजे ज्या बुद्धिमत्तेचा गौरव करण्यासाठी प्रतिकृती घडविली, तीच बुद्धिमत्ता त्या प्रतिकृतीने झाकून टाकली! कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले तोपर्यंत इंग्रज आणि पोर्तुगीज आरमारांना पुरून उरले, ते त्यांच्या जहाजांची नक्कल करून नव्हे.

या चुकीला एक कारण आहे आणि ते खेदाचे आहे. मराठ्यांची एकही गुराब आज शाबूत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, ही बोच आपल्या इतिहासातून पुसता येणारी नाही. त्या आगीचे चित्र डॉमिनिक सेरेस या युरोपीय चित्रकाराने रंगविले. आपल्याकडे उरली ती विजयदुर्गाजवळ गिर्ये येथील आरमारी गोदी, कागदपत्रे आणि बखरींतील नावे: गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, पाल, मचवा.

याउलट, आधार जपला तर काय होते हे मुंबईतच जन्मलेल्या एका जहाजावरून कळते. 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे इंग्लंडहून ज्या 'जावा' जहाजावरून येत होते, ते १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गमावले. मग पुन्हा नकला पाठवाव्या लागल्या. म्हणजे आराखड्याची एक प्रत बुडाली तरी दुसरी होती. ही नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तिची प्रतिकृती करणाऱ्याला प्रत्येक फळीचे माप मिळते. ज्या शहरातील सुतारांनी ती घडविली, त्या शहरातील मुलांना मात्र ती ठाऊक नसते. आणि गुराबेची प्रतिकृती करणाऱ्याला मोजमापे शोधत फिरावे लागते, म्हणून तो खोक्यावरचे तयार चित्र उचलतो.

हे शोधण्याचे काम अशक्य नाही. पाचव्या शतकातील जहाजाचा आराखडा तरी कुणाकडे होता? अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्र आणि जुने ग्रंथ यांच्या आधारे फळ्या काथ्याने शिवून 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात सामील झाले. त्यापूर्वी त्याच्या लहान प्रतिकृतीची परीक्षा आय.आय.टी. मद्रासमध्ये झाली होती. आधी चित्र, मग प्रतिकृती, मग जहाज, असा हा क्रम आहे. प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नसते, तो एक दावा असतो. आणि दावा तपासून पाहता येतो. आपल्याच मुंबईत, बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर मध्ययुगीन सागरी युद्ध कोरलेले आहे. टोकदार नाळेची, ओळीने वल्ही असलेली ती जहाजे पाहिली की किनाऱ्यावरच्या नौकाबांधणीची परंपरा मराठी राज्याच्याही किती आधीची आहे, हे डोळ्यांना दिसते.

असे काम करण्याची पात्रता करी रोडइतकी अन्यत्र कुठे असेल? गिरण्यांच्या यांत्रिक खात्यांत आणि परळ-लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपांत सुतार, फिटर, टर्नर, ओतकामाचे लाकडी साचे करणारे कारागीर अशी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या घडली. सुताभराची चूक म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना कळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे आले. चिमणीचे भोंगे थांबले तसा तो हातही थांबू लागला. तरीही दिवाळीत चाळीच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतोच. किल्ल्याची माची कुठे आणि बालेकिल्ला कुठे, हे तिथली पोरे एकमेकांना बजावून सांगतात. किल्ल्याबाबत जो काटेकोरपणा आहे, तो जहाजाबाबत का नसावा?

कुणी म्हणेल, उत्सवाच्या आनंदात एवढी चिकित्सा कशाला? भावना महत्त्वाची. भावना महत्त्वाची आहेच. पण ज्याच्याविषयी भावना आहे त्याचा चेहरा तरी आपल्याला ठाऊक असावा. आजोबांच्या तसबिरीच्या जागी दुसऱ्याच कुणाची तसबीर लावून हार घातला, तर त्याला भक्ती म्हणत नाहीत. शिवाय चुकीची प्रतिकृती करण्यास वेळ कमी लागतो असेही नाही. कष्ट तितकेच, सागवानही तितकेच. हवी ती केवळ आधी चार पाने वाचण्याची तयारी.

म्हणून एक सूचना. येत्या वर्षी परिसरातील प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाळेने एकच गुराब आणि एकच गलबत घडवावे. एका फुटास पाव इंच हे प्रमाण धरावे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यांचे खरे नाते दिसेल. वयाने थोर झालेल्या गिरणी कारागिरांना हाताशी असलेल्या मुलांचे गुरू करावे. मालवण-देवगडच्या ज्या घरांत लाकडी होड्या बांधल्या जात, त्यांना नाळेची आणि शिडाची बांधणी विचारावी. फायबरच्या होड्यांच्या काळात हे ज्ञान वेगाने ओसरते आहे. आणि प्रतिकृतीखाली पाटी लावताना दोन रकाने करावेत: कोणता भाग लिखित आधाराने केला आणि कोणता अनुमानाने. अनुमान आहे असे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट पाहणाऱ्या मुलाला तेथूनच पुढे शोधायला वाट मिळते.

२ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने नवा ध्वज स्वीकारला. त्यावरील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. मुंबईतील नौदलाचा तळ १९५१ पासून 'आंग्रे' हे नाव मिरवतो आहे. राष्ट्राने नाव दिले, चिन्ह दिले. त्या नावामागचे जहाज कसे होते हे पुढच्या पिढीला दाखविण्याचे काम मात्र शासनाच्या आदेशाने होणारे नाही. ते चाळीच्या खोलीत, शाळेच्या हस्तकलेच्या तासाला, मंडळाच्या मांडवात, रंध्याने आणि फूटपट्टीनेच होईल. चोचीसारखी नाळ, पुढे रोखलेल्या दोन तोफा, उथळ बूड. एवढे तीन विशेष जरी करी रोडच्या प्रत्येक मुलाला पाहताक्षणी ओळखता आले, तरी विजयदुर्गाच्या बंदरात जळालेल्या आरमाराचे थोडेसे ऋण फिटेल.