आईला स्तनाचा कर्करोग झाला, आता मलाही होईल का?

"आईला झाला, मावशीला झाला. डॉक्टर, आता माझा नंबर का?" मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा येतो. हल्ली सोबत मोबाइलवरची जनुकीय चाचणीची जाहिरातही असते: "ही करून टाकू का?"

या प्रश्नावर मुंबईत फार पूर्वी काम झालं आहे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या. उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. हा आजार आणि आनुवंशिकता यांचा संबंध सुरुवातीला ओळखणाऱ्या संशोधकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांची संस्था आज खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'चा भाग आहे.

आनुवंशिकतेबरोबरच त्या हार्मोन्स आणि विषाणूंचाही विचार करत होत्या. रुग्णांनी हेच लक्षात ठेवायला हवं: आनुवंशिकता हे एक कारण आहे, एकमेव नाही.

आज काय माहीत आहे?

बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ १९९५ मध्ये सापडलं. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांमध्येच तो असा थेट वारशाने आलेला असतो. मात्र या जनुकांत घातक बदल असलेल्या १० स्त्रियांपैकी ६ ते ७ जणींना आयुष्यात कधीतरी हा आजार होऊ शकतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हा बदल वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून आत्याचा आजारही मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा.

नवीन काय घडलं?

जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली झाली. याचा तुमच्याशी संबंध आहे. जगातली बरीचशी जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यामुळे आपल्या रिपोर्टमध्ये अनेकदा 'व्हीयूएस' असा शेरा येतो, म्हणजे बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. भारतीय माहिती वाढेल तसे असे शेरे कमी होतील. तोपर्यंत केवळ व्हीयूएसवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका.

चाचणी कोणी करावी?

जवळच्या नात्यात खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोला:

- पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग
- दोन्ही स्तनांत कर्करोग
- बीजांडकोशाचा कर्करोग
- पुरुषाला स्तनाचा कर्करोग
- एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना हे आजार

शक्यतो ज्यांना कर्करोग झाला आहे, त्यांचीच चाचणी आधी करावी. त्यांच्यात बदल सापडला, तर इतरांमध्ये नेमका तोच शोधता येतो. आईची चाचणी न करता मुलीची केली आणि ती निगेटिव्ह आली, तर पूर्ण खात्री देता येत नाही. चाचणीआधी समुपदेशन घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी कर्करोग आनुवंशिकता विभाग आहे.

बदल सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. लहान वयापासून एमआरआय, मॅमोग्राफी, काही वेळा औषधं किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया असे पर्याय असतात. आणि गाठ हाताला लागत असेल, तर जनुकीय चाचणीची वाट न पाहता लगेच तपासून घ्या.

माझ्या अनुभवात खरी अडचण पैशांपेक्षा लपवाछपवीची असते. "मुलीचं लग्न व्हायचंय, कुठे बोलू नका," असं सांगणारे पालक मला भेटतात. त्यांची भीती मला समजते. पण ज्या मुलीसाठी ही गोष्ट लपवली जाते, तिलाच ती कळण्याची सर्वांत जास्त गरज असते.

येत्या सणाला घरचे जमतील तेव्हा कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला हे एका कागदावर लिहून काढा. आई आणि वडील, दोन्हीकडचं. तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही.