पाडव्याचा मुहूर्त आणि सवलतीची मुदत

गुढीपाडवा जवळ आला की वर्तमानपत्रांत घरांच्या जाहिरातींना बहर येतो. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक. त्यातच आर्थिक वर्षही याच सुमारास, ३१ मार्चला संपते. एकीकडून मुहूर्त आणि दुसरीकडून करसवलत अशा दुहेरी ओढीत गृहस्थ सापडतो. कीर्तन आटोपून बुक्का लावून घ्यावयास आलेली मंडळी अलीकडे आम्हांस विचारतात, "बुवा, पाडव्याला घर घेऊन टाकू का? कर वाचतो म्हणतात." बुवांनी पंचांग पाहून होकार द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

रामदैवज्ञांच्या 'मुहूर्तचिंतामणी'त वास्तुप्रकरण आहे, गृहप्रवेशप्रकरणही आहे. मुहूर्त पाहावयाचा तो घर बांधण्यास आरंभ करताना आणि त्यात पाऊल ठेवताना. कर्ज किती काढावे हे पंचांगाला विचारू नये. ते आपल्या मिळकतीस विचारावे.

सरकारने नेमलेली मुदत हाही आता एक मुहूर्तच होऊन बसला आहे. महामारीच्या काळात, १ सप्टेंबर २०२० पासून, महाराष्ट्र सरकारने मुद्रांक शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांनी आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केले. योगायोग असा की, त्या वर्षी आश्विन अधिक होता; मुदतीचा पहिला दीड महिना बहुतांशी पितृपक्षात व अधिक मासात गेला. मग डिसेंबरात दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांपुढे रीघ लागली. वास्तविक दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीस सादर करता येतो. घाई शुल्क भरण्याची होती, कचेरीत गर्दी करण्याची नव्हे. चाळीस लाखांच्या घरामागे तेव्हा १ लाख २० हजार रुपये वाचले. ज्यांचे घर आधीच पाहून-पारखून ठरले होते, त्यांना हा लाभ घरबसल्या मिळाला. परंतु सव्वा लाख वाचावेत म्हणून चाळीस लाखांचे घर न पारखता घेणे, याला काटकसर म्हणावे काय?

सवलतीच्या तारखांचा नेम कसा नसतो, याचा अनुभव अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी बांधवांना विचारावा. तेथे २००८ साली पहिले घर घेणाऱ्यास ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत जाहीर झाली. ती वस्तुतः बिनव्याजी कर्ज होती. पंधरा वर्षांत फेडावयाची. पुढच्याच वर्षी सवलत ८,००० डॉलर झाली आणि त्या घरात किमान तीन वर्षे राहणाऱ्यास ती परत करावी लागणार नव्हती! आधी धावला तो ऋणको झाला, मागे राहिला त्याला दान मिळाले. करार करण्याची अखेरची तारीख ३० एप्रिल २०१० होती. ती उलटल्यावर जुलैत जुन्या घरांची विक्री आदल्या महिन्याच्या मानाने पाव हिश्शाहून अधिक घटली.

आता आपल्याकडील प्राप्तिकराविषयी. जुन्या करपद्धतीत, स्वतः राहावयाच्या घरासाठी काढलेल्या कर्जावरील व्याजापैकी वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतची रक्कम वजा होते. ती उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. २० टक्के दराने कर भरणाऱ्याने २ लाख रुपये व्याज दिले तर त्याचे सुमारे ४० हजार वाचतील. उरलेले १ लाख ६० हजार बँकेच्या घरी गेले ते गेलेच. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, आपण वेगळे कळविले नाही तर नवी करपद्धतीच लागू धरली जाते, आणि तीत ही वजावट मुळीच नाही. आपण कोणत्या पद्धतीत कर भरतो हे ठाऊक नसताना कर वाचविण्यासाठी घर घेणारे सद्गृहस्थ आम्हांस भेटले आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत छापत नाहीत. बांधकाम चालू असलेले घर ३१ मार्चपूर्वी घेतले, तरी त्या वर्षी व्याजाची वजावट मिळत नाही. बांधकाम पुरे झालेल्या वर्षापासून ती सुरू होते आणि आधीच्या वर्षांचे व्याज पाच समान भागांनी, त्याच २ लाखांच्या मर्यादेत, वजा होते. शिवाय अशा घरावर वस्तू व सेवा कर पडतो: परवडणाऱ्या घरांच्या वर्गास १ टक्का, इतरांस ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो नाही. भाडे आणि हप्ता एकाच पगारातून भरणाऱ्या तरुण जोडप्याने हा हिशेब आधी मांडावा. मुद्रांक शुल्कात महिला खरेदीदारास १ एप्रिल २०२१ पासून १ टक्का सूट आहे. ती घरातील लक्ष्मीच्या नावे घर घेणाऱ्यास मिळते आणि तिला मुदतीची घाई नाही.

पाडव्याला सरकारी सुट्टी असते. गुढी उभारून, नैवेद्य दाखवून झाल्यावर मुलाबाळांसह मनातले घर पाहून यावे. नळाला पाणी किती वेळ येते ते शेजाऱ्यांस विचारावे, सात-बारा किंवा मिळकतपत्रिका कोणाच्या नावे आहे ते वकिलास दाखवावे. मन भरले तर सही पुढच्या आठवड्यात करावी. वास्तुशांतीसाठी मुहूर्त आम्ही काढून देऊ.