जकातीच्या यादीत नसलेल्या बाया

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. शहापूरच्या आमच्या सल्ला केंद्रात खर्डीकडची एक बाई आली. वय तिशीच्या आत, पदरात दोन मुली. नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला म्हणून गेला तो तिकडेच राहिला. तलाक नाही, पैसे नाहीत, फोन उचलत नाही. पोटगीचा अर्ज आम्ही केलेला होता आणि तारखा पडत होत्या. त्या दिवशी मात्र ती कोर्टाच्या कामाने आली नव्हती. बाजारातल्या एका कापड दुकानदाराकडे जकात मागायला गेली होती आणि रिकाम्या हाताने परतली होती. मुनिमाने यादी पाहून विचारले, "बेवा आहेस?" नाही. "तलाक झालाय?" नाही. "म्हणजे नवरा आहे. मग त्याच्याकडे माग ना."

"ताई, नवरा मेला असता तर निदान यादीत तरी नाव आलं असतं," असे ती हसून म्हणाली. मला काय बोलावे ते सुचेना.

आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, यात आपण पडायचे कशाला? दान हा त्या दुकानदाराचा खासगी मामला आणि वर धर्माचा. मी त्या धर्मात जन्मलेली नाही, त्यामुळे हा संकोच मलाही होता. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर मुसलमान बायांच्या नावाने कोण कोण बोलले आणि त्यात त्या बायांचा आवाज किती ऐकू आला, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून आधी विचारायचे ठरवले. त्या दुकानदाराला विचारले, एका मौलानांना विचारले, आणि सगळ्यात जास्त वेळ बचत गटातल्या मुसलमान बायांशी बोलले. त्यातून जे समजले ते येथे मांडते.

जकात म्हणजे मनात आले तर टाकलेली भीक नव्हे. निसाबाइतकी, म्हणजे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन तोळे चांदी यांच्या किमतीइतकी, मालमत्ता ज्याच्याकडे चांद्रवर्षभर राहिली त्याच्यावर ती फर्ज आहे. दर शेकडा अडीच. व्यापाऱ्याच्या बाबतीत हिशेब स्पष्ट आहे. दुकानाची जागा, कपाटे, शिलाई यंत्रे यांच्यावर जकात नाही. विक्रीसाठी भरलेला माल, गल्ल्यातली आणि बँकेतली रोकड, वसूल होण्यासारखी उधारी यांच्यावर आहे. समजा चार लाखांचा माल, साठ हजार रोकड, चाळीस हजार येणे आणि घाऊक व्यापाऱ्याचे एक लाख देणे. देणे वजा केले की चार लाख उरतात, त्यावर जकात दहा हजार. हनफी पंथात असे देणे वजा करतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्या ग्रंथांत याबाबत वेगळे मत आहे. बायांच्या अंगावरच्या दागिन्यांबाबतही असाच मतभेद आहे. हनफी त्यावर जकात धरतात, शाफई साधारणपणे धरत नाहीत.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही जकात नफ्यावर नाही, साठलेल्या धनावर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक जबाबदारीचा खर्च घातला. तो मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के, आणि तोही ठरावीक आकाराच्या वरच्याच कंपन्यांना. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला तो लागूही होत नाही. शहापूरच्या बाजारातला कापड दुकानदार मात्र दर रमजानला वही उघडून बसतो, कोणी इन्स्पेक्टर मागे नसताना. याचे मला मनापासून कौतुक आहे, आणि ते मनात ठेवूनच पुढचे बोलते आहे.

आता ती यादी. जकात कोणाला द्यायची हे कुराणाच्या नवव्या सुऱ्यातल्या साठाव्या आयतीत सांगितले आहे. गरीब, अगदी नाडलेले, जकात गोळा करणारे, ज्यांची मने जोडायची ते, गुलामीतून सोडवायचे ते, कर्जात बुडालेले, अल्लाच्या वाटेवरचे आणि वाटसरू, असे आठ प्रकार. या आठांत 'बेवा' हा प्रकार नाही! विधवेला मिळते ते ती गरीब असते म्हणून. मौलानांना मी खर्डीच्या बाईचे सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "नवरा खर्च देत नसेल आणि तिच्याजवळ काही नसेल तर ती हकदार आहे. नवरा जिवंत आहे की नाही, हा सवालच नाही."

म्हणजे शास्त्र रुंद आणि रिवाज अरुंद. यादी करणारे सगळे पुरुष. त्यांच्या डोळ्यांपुढे गरजू बाईचे एकच चित्र, पांढऱ्या ओढणीतली विधवा. टाकलेली बाई म्हटले की मनात शंका येते: हिचेच काही चुकले असेल, दोघांच्या भांडणात आपण कशाला पडा. मैत्रिणींनो, ही नजर आपल्या ओळखीची आहे. निराधार बायांच्या सरकारी योजनेचा अर्ज भरताना कुणबी, आगरी, ठाकूर परित्यक्तांनाही 'नवरा नांदवत नाही' याचा दाखला मागत वणवण करावी लागते. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईकडे कसलाच कागद नसतो. धर्म बदलला म्हणून प्रश्न बदलत नाही.

दुसरी गोष्ट रांगेची. बचत गटातली एक खाला म्हणाली, "देतात ते पाचशे रुपये, पण तीन तास उन्हात उभं करतात. सगळा बाजार बघतो." खरे तर दान असे द्यावे की डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण त्याच धर्मात आहे. रांगेचा शेवट किती भयंकर होऊ शकतो हेही आपण पाहिले आहे. २००९ च्या रमजानमध्ये कराचीत एका व्यापाऱ्याने फुकट पीठ वाटताना चेंगराचेंगरी झाली आणि पंधराहून अधिक बाया-मुली मेल्या. २०२३ मध्ये येमेनच्या साना शहरात व्यापाऱ्यांची मदत घ्यायला जमलेल्या गर्दीत पाऊणशेच्या वर माणसे गेली. शहापुरात असे काही घडलेले नाही. पण बाईला रांगेत उभे करून देणाऱ्याचे नाव मोठे करण्याची रीत तीच आहे.

तिसरी गोष्ट मजुरीची, आणि मला ती सर्वांत बोचते. दुकानात झाडलोट करणाऱ्या, घरी कपडे शिवून देणाऱ्या बायांना वर्षभर कमी पैसे द्यायचे आणि रमजानमध्ये त्यांनाच जकात देऊन पुण्य जोडायचे, हे मी पाहिले आहे. मौलानांनी येथेही स्पष्ट सांगितले की मजुरी म्हणून दिलेले पैसे जकातीत धरता येत नाहीत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे पैसे चुकते करावेत अशी पैगंबरांची शिकवण सांगतात. म्हणजे आधी मजुरी, मग जकात. हिंदू व्यापाऱ्यांनाही हेच लागू आहे. गणपतीत महाप्रसाद घालणारा आणि दुकानातल्या पोरीला किमान वेतन न देणारा शेठ आपल्या तालुक्यांत कमी नाही.

येथून मला मुरबाडच्या कातकरी बाया आठवतात. दिवाळी झाली की टोकावडे, धसईकडच्या वाड्या रिकाम्या होतात. वीटभट्टीवर जायचे ते जोडप्याने. उचल पावसाळ्यातच घेतलेली, आणि ती नवऱ्याच्या हातात. बाई त्याच्याइतक्याच विटा पाडते, चिखल तुडवते, वर स्वयंपाक करते, पण वहीत तिचे नाव नसते. नवरा मेला की कर्ज मात्र तिच्या डोक्यावर येते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली असे कागद म्हणतो. भट्टीमालक सगळ्या जातींचे आणि धर्मांचे आहेत, म्हणून हे एका समाजावर ढकलायचे नाही. पण त्या आठ प्रकारांतले दोन, गुलामीतून सोडवायचे आणि कर्जात बुडालेले, वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ही बाई आली. बहुतेक फकीह जकात मुसलमान गरजूंपुरती मानतात. मात्र सदका आणि लिल्लाह कोणालाही देता येतो. कोणा व्यापाऱ्याला मान सोडवण्याचे पुण्य हवे असेल तर ते येथे, पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे.

एवढे बोलून झाल्यावर आमच्याच एका कार्यकर्तीने मला अडवले. "तू दान सुधारायला निघालीस. आपली लढाई हक्काची आहे ना?" तिचा मुद्दा बरोबर आहे. समाजकार्याचे शिक्षण घेताना आम्हीही हेच घोकले होते की दान माणसाला लाचार करते. पण दान आणि हक्क यांच्यातली भिंत मी समजत होते तितकी पक्की नाही. १९८६ च्या मुस्लिम स्त्रियांच्या कायद्यातले कलम ४ पाहा. घटस्फोटित बाईला सांभाळायला नातेवाईक नसतील किंवा त्यांची ऐपत नसेल, तर मॅजिस्ट्रेट राज्याच्या वक्फ मंडळाला तिला पैसे द्यायला सांगू शकतो. वक्फ म्हणजे तरी काय? पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी धर्मादाय ठेवलेली मालमत्ता. म्हणजे कोणा शेठच्या जुन्या दानावर आजच्या बाईचा कायद्याने हक्क आहे. २००१ च्या दानियल लतिफी निकालाने नवऱ्याची जबाबदारी इद्दतीच्या तीन महिन्यांपुरती नाही हे स्पष्ट केले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुसलमान घटस्फोटितेला पोटगीचा सर्वसाधारण कायदाही खुला असल्याचे पुन्हा सांगितले. तरी आमच्या केंद्रातून वक्फ मंडळाकडे आजवर एकही अर्ज गेलेला नाही, हा आमचाच आळस.

आणि व्यापाऱ्याच्या दानातून संस्था उभ्या राहतात हेही खरे. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज १९३० मध्ये सुरू झाले ते सर मोहम्मद युसुफ यांनी १९१४ साली दिलेल्या आठ लाखांतून. त्या दानाने कोणाला रांगेत उभे केले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. यादी करताना मोहल्ल्यातल्या बायांना, बचत गटांना बसवा, आणि टाकलेल्या बाईचे नाव तिच्या गरजेवर घाला. पैसे रांगेत न देता घरी किंवा तिच्या स्वतःच्या खात्यात द्या. वीस जणींना पाचशे देण्याऐवजी एकीला दहा हजार द्या, म्हणजे ती शिलाई यंत्र घेईल. कारागिराला हत्यार घेण्याइतके द्यावे, असे शाफई पंथाच्या जुन्या ग्रंथकारांनीही म्हटले आहे. कामाच्या बाईची मजुरी आधी चुकती करा. ज्या बायांचे स्वतःचे दुकान, स्वतःचा पैसा आहे त्यांनी आपली जकात आपल्या हाताने द्यावी, नवऱ्यावर सोडू नये. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा स्वतः व्यापार करत, हे तर सगळेच सांगतात.

तो दुकानदार माणूस म्हणून वाईट नाही. आमचे ऐकून घेतले, मौलानांना विचारले, आणि पुढच्या रमजानला खर्डीच्या बाईचे नाव यादीत घातले. तिला दोन हजार रुपये मिळाले, घरपोच. पोटगीच्या अर्जावर मात्र अजून तारखाच पडत आहेत. दुकानदाराची वही एका वर्षात बदलली. कोर्टाची कधी बदलणार?

आपापल्या भागात दानाच्या याद्या कोण करते, मग ते देऊळ असो, मशीद असो की कंपनी, आणि त्यात टाकलेल्या बायांची नावे असतात का, हे मैत्रिणींनी पाहावे आणि अंकाकडे लिहून पाठवावे.