फाशीचा फेरविचार आता कोल्हापुरात

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. दुसऱ्या दिवसापासून सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. त्यामागे वकील आणि नागरिकांचा कित्येक वर्षांचा लढा आहे. पक्षकारांच्या मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, याचा आनंद सर्वांना आहे. पण या बेंचबरोबर आणखी एक जबाबदारी आपल्या शहरात आली आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांत सत्र न्यायालयाने कोणाला फाशी सुनावली, तर ती कायम करायची की नाही, हे आता इथे ठरणार.

सत्र न्यायाधीशांनी सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी प्रकरण वर जातेच. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६६ होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४०७ झाले. पुढचे कलम ४०८ उच्च न्यायालयाला अधिक चौकशीचा आणि नवा पुरावा घेण्याचा अधिकार देते. खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद आहे. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने 'दुर्मिळातील दुर्मीळ' ही कसोटी घालून दिली आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करा, असे बजावले. थोडक्यात, निवड न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवली आहे. तोही माणसाचाच विवेक, म्हणून तो दुसऱ्यांनी पुन्हा तपासायचा.

"गुन्हा सिद्ध झाला ना, मग इतकी अपिले कशाला?" हा प्रश्न ऑफिसात, चहाच्या गाड्यावर, घरातही ऐकू येतो. तो विचारणाऱ्यांसमोर मी आपल्याच राज्यातले दोन खटले ठेवतो.

पहिला नाशिकचा. २००३ साली एका कुटुंबावर हल्ला होऊन पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेप वाढवून सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. इथे थांबलो असतो तर? फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे, असा निकाल २०१४ मध्ये आला आणि त्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली. खरे गुन्हेगार सुटले ते वेगळेच.

दुसरा पुण्याचा. १९९४ मध्ये एकाच घरातल्या सात जणांचे खून झाले. त्यातल्या एका आरोपीची फाशी सत्र, उच्च आणि सर्वोच्च अशा तिन्ही न्यायालयांनी योग्य ठरवली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले, की घटनेच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे होते. मुलाला फाशी देताच येत नाही. अठ्ठावीस वर्षांनी तो बाहेर आला. त्याचे वय शाळेच्या दप्तरात नोंदलेले होते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पण तपासणारा फक्त आधीच्याने टिक केली आहे का एवढेच बघू लागला, तर तीन जणांनी पाहिले काय आणि तेराने पाहिले काय, चूक तशीच पुढे सरकते. आमची चूक निदान मागे घेता येते.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, खालच्या न्यायालयांनी सुनावलेल्या फाशींपैकी पाच टक्क्यांहून कमी शेवटपर्यंत टिकल्या. सुमारे तीस टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले. फाशीच्या कैद्यांतले चारातले तीन जण आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि तितकेच मागास जाती-जमाती किंवा धार्मिक अल्पसंख्याकांतले होते. चांगला वकील परवडणारे लोक या यादीत फार दिसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, गावित बहिणींचे काय? प्रश्न रास्त आहे. लहान मुलांना पळवून त्यांचे खून केल्याबद्दल रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना २००१ मध्ये याच कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तरीही जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. अनेकांना वाटते, अपिलांमुळे त्या वाचल्या. तसे झालेले नाही. अपिले पाच वर्षांत संपली होती. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षे दहा महिने लागले आणि तो उशीर सरकारी फायलींचा होता, असे उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले. ज्यांची लेकरे गेली, त्या आईबापांना पंचवीस वर्षे ताटकळत ठेवले ते सरकारी कारभाराने. त्याचा राग न्यायालयीन तपासणीवर काढून उपयोग नाही.

तेव्हा ही तपासणी लवकर व्हावी, पण खरी व्हावी. मे २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचे बालपण, कुटुंब, मानसिक आरोग्य, तुरुंगातले वर्तन यांची माहिती न्यायालयापुढे आलीच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या वसंत दुपारे प्रकरणात ते आणखी पुढे गेले: राष्ट्रपतींनी दया नाकारलेली असतानाही, हे निकष पाळले गेले नसल्यामुळे शिक्षेचा प्रश्न पुन्हा ऐकायला घेतला. गुन्हा चार वर्षांच्या मुलीच्या बलात्काराचा आणि खुनाचा होता. दोष कायम राहिला, फक्त शिक्षा नव्याने तपासायची. पहिल्याच फेरीत हे काम नीट झाले असते, तर त्या मुलीच्या घरच्यांना सतरा वर्षांनी पुन्हा न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले नसते.

म्हणून कोल्हापूरच्या बेंचकडून तीन अपेक्षा. फाशीचे प्रकरण दाखल होताच तुरुंगाचा, मानसोपचारतज्ज्ञाचा आणि कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल मागवावा. शेवटच्या सुनावणीची वाट पाहू नये. विधी सेवा समितीने अशा प्रकरणांत अनुभवी वकील द्यावा आणि आरोपीच्या घरी, गावी जाऊन माहिती गोळा करणारा माणूसही द्यावा. आणि गरज पडेल तिथे कलम ४०८ खरोखर वापरावे.

एक अपेक्षा आपल्याकडूनही आहे. भयंकर गुन्हा घडला की मोर्चे निघतात, 'फाशी झालीच पाहिजे' असे फलक लागतात, आरोपीचे वकीलपत्र घेऊ नका असा दबाव येतो. असे ठराव करणे बेकायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. मोर्चा जरूर काढा. पण मागणी नीट तपासाची, साक्षीदारांच्या संरक्षणाची, वेळेत खटला चालवण्याची करा. नाशिकच्या त्या कुटुंबाला हेच मिळायला हवे होते. मिळाले नाही, आणि सहा निरपराध माणसे फासाच्या दोराखाली दिवस मोजत राहिली.